झिजेचे पैसे भाड्यातच फिटलेले असतात

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या वस्त्यांमधून सामान भरलेले टेंपो दिसू लागतात. अकरा महिन्यांचा करार संपलेला असतो, घरमालकाने भाडे वाढवून मागितलेले असते, आणि कुटुंब एका भाड्याच्या खोलीतून दुसऱ्या भाड्याच्या खोलीकडे निघते. सामान हलते, मुलांचे शाळेचे दाखले हलतात, गॅसचा पत्ता बदलतो. डिपॉझिटची रक्कम मात्र पुरती हाती येत नाही. कुणाचे पाच हजार कापले जातात, कुणाचे पंधरा, कुणाचे त्याहूनही अधिक. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : "घराची पार वाट लावलीत."

रविवारी सकाळी आमच्या विहारात बसून लोकांचे अर्ज नि फॉर्म लिहून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. पेशाने कारकून, त्यातून बी.कॉम., त्यामुळे हिशेबाचा कागद असला की तो माझ्यापुढे येतो. अशीच एक चिठ्ठी एका भगिनीने आणली. त्या रुग्णालयात कंत्राटावर आया आहेत, पती सुरक्षारक्षक. कल्याणच्या बाजूला एका रूम-किचनमध्ये तीन करार करून ते तेहतीस महिने राहिले. भाडे दरमहा ९,००० रुपये, डिपॉझिट ६०,०००. खोली सोडताना घरमालकाने ३९,००० रुपये हातावर ठेवले आणि वहीच्या पानावर उरलेला हिशेब लिहून दिला तो असा : रंगकाम ८,०००, नवा गीझर ५,५००, पलंगाची गादी ३,५००, भिंतीतील खिळ्यांची भोके १,२००, नळ ६००, खिडकीची काच ७००, साफसफाई १,५००. एकूण २१,०००.

बेरीज बरोबर होती. बाकी काय बरोबर होते आणि काय नव्हते, ते आज आपण पाहू. कारण ही चिठ्ठी एकट्या त्या भगिनीची नाही. थोड्याफार फरकाने अशीच चिठ्ठी आपल्यातील शेकडो कुटुंबांच्या घरी पडलेली असेल.

मुळात वापरलेली वस्तू झिजते. दोन माणसे आणि दोन मुले तीन वर्षे एका खोलीत राहिली तर उंबऱ्याजवळची फरशी घासली जाणार, ओट्यामागची भिंत फोडणीने तेलकट होणार, मोरीच्या दाराचा खालचा भाग पाण्याने फुगून कुजणार, पडदे उन्हाने विटणार, पंख्याचा कंडेन्सर जाणार, गादी मध्ये बसणार. हे कुणी मुद्दाम केलेले नसते आणि कुणाच्या हलगर्जीपणामुळेही झालेले नसते. याला झीज म्हणतात. याउलट ओट्यावर नारळ फोडताना कडाप्प्याची कड उडाली, वरवंटा पडून फरशीला तडा गेला, रागाच्या भरात दाराची कडी उपटली गेली, तर ती मोडतोड. झीज ही राहण्यातून होते, मोडतोड ही चुकीतून किंवा निष्काळजीपणातून. हा फरक एकदा डोक्यात पक्का बसला की चिठ्ठीतील निम्मे काम झाले.

रिक्षा पाळीवर चालविणाऱ्या भावांना हे समजावून सांगण्याची गरज पडत नाही. ते मालकाला रोजचे ठरलेले पैसे देतात. टायर झिजला तर तो मालक बदलतो, कारण टायर झिजावा म्हणूनच तर रोजचे पैसे घेतले. पण रिक्षा कुठे ठोकली तर तो खर्च चालविणाऱ्याच्या अंगावर येतो. खोलीचेही तेच. दरमहा ९,००० रुपये कशाचे दिले? चार भिंती, पंखा, गीझर, पलंग वापरण्याचे दिले. त्या वस्तू वापराने जेवढ्या झिजल्या तेवढ्याची किंमत त्या भाड्यातच फिटली. तेहतीस महिन्यांचे २,९७,००० रुपये घेतल्यावर पुन्हा झिजेचे वेगळे पैसे मागणे म्हणजे एकाच मालाचे दोनदा बिल करणे होय.

हा माझा घरगुती तर्क आहे असे कुणी समजू नये. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याने घेतलेल्या मालमत्तेविषयी हेच सांगितले आहे. भाडेकरूने ताबा घेताना मालमत्ता ज्या स्थितीत होती त्या चांगल्या स्थितीत ती ठेवावी आणि परत करावी. मात्र वाजवी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरची आपत्ती यांमुळे झालेला बदल त्यातून वगळलेला आहे. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या काळात, कायद्याने जे मान्य केले ते आपला घरमालक आजही मान्य करीत नाही.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेणे जरुरीचे आहे. अकरा महिन्यांचा जो कागद आपण करतो तो बहुधा भाडेपट्टा नसतो. तो लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो. त्यात आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानगीने राहणारे असतो. जुन्या चाळीतल्या पागडीच्या भाडेकरूला जे संरक्षण आहे ते आपल्याला नाही. अशा व्यवहारात करारनाम्यात जे लिहिले असेल त्यालाच सर्वात जास्त वजन येते. पुष्कळ करारांत "वाजवी झीज वगळून" अशा अर्थाचे कलम असते. ते असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. पण काही करारांत "खोली सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे कापले जाईल" असेही असते, आणि आपण त्यावर अंगठा दिलेला असतो. सही केल्यावर भांडण्यात फारसा अर्थ उरत नाही. एजंट लॅपटॉप घेऊन घरी येतो, "काका, इथे बोट ठेवा" म्हणतो, फोटो काढतो आणि पाच मिनिटांत निघून जातो. त्याला थांबवा. मजकूर इंग्रजीत असेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. दोन महिन्यांची कमाई ज्याच्या दलालीत आणि डिपॉझिटात जाते, त्याने अर्धा तास वाचनात घालवला तर एजंटचे काही बिघडत नाही.

आता चिठ्ठीकडे येऊ.

प्रथम रंगकाम. या भगिनी राहायला येण्याच्या एक वर्ष आधी खोलीला डिस्टेंपर मारलेला होता, हे घरमालकानेच बोलता बोलता सांगितले. कल्याणच्या पावसात साधा डिस्टेंपर चार वर्षे टिकला तरी खूप झाले. म्हणजे त्या निघाल्या तेव्हा त्या रंगाच्या अठ्ठेचाळीस महिन्यांपैकी पंचेचाळीस महिने संपले होते. छताजवळचे पोपडे वरच्या मजल्यावरच्या मोरीच्या गळतीने आलेले, त्यात राहणाऱ्याचा काय दोष? एका भिंतीवर मात्र धाकट्याने खडूने गाड्या काढून ठेवल्या होत्या. ते नुकसान धरू. एका भिंतीला दोन हजार रुपये लागतात असे समजा. पण घरमालकाचे नुकसान दोन हजारांचे झालेले नाही. कारण ती भिंत तीन महिन्यांनी त्याला रंगवावीच लागणार होती. अठ्ठेचाळीस महिन्यांपैकी तीन महिने शिल्लक, म्हणजे दोन हजारांतले १२५ रुपये. आठ हजारांच्या जागी सव्वाशे.

हिशेबाच्या पुस्तकात याला घसारा म्हणतात. कारखान्यातील यंत्राची किंमत दरवर्षी ठराविक प्रमाणात कमी करीत नेतात, कारण सात वर्षे चाललेले यंत्र कुणी नव्या किमतीला धरीत नाही. आयकराच्या हिशेबातही फर्निचर आणि विजेच्या फिटिंगवर दरवर्षी १० टक्के घसारा धरण्याची पद्धत आहे. धंदेवाल्यांच्या वहीत जी गोष्ट रोज चालते, ती खोलीच्या हिशेबातच नेमकी विसरली जाते. आपल्या कायद्यात खोलीतल्या गादीचे किंवा गीझरचे आयुष्य इतके वर्षे असे कोठेही ठरवून दिलेले नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७३ भरपाई देते ती झालेल्या नुकसानीची. जुन्या वस्तूच्या जागी नवी वस्तू दुसऱ्याच्या पैशाने आणून देणे, ही भरपाई नव्हे. तो फायदा झाला.

या कसोटीवर गीझर पाहा. गीझर सात वर्षांचा. इमारतीला बोअरचे पाणी, त्याच्या क्षारांनी कॉइल जाड पांढरी होऊन जळाली. असल्या पाण्यात गीझर सात वर्षे चालला हेच नवल. नव्या गीझरचे ५,५०० रुपये राहणाऱ्याकडून घेणे कोणत्याही न्यायात बसत नाही. मी तेथे शून्य लिहिले. अर्थात राहत असताना गीझरची किरकोळ दुरुस्ती निघाली, थर्मोस्टॅट गेला, तर ती बहुधा राहणाऱ्यानेच करावी असा रिवाज आहे, आणि तो मला वाजवी वाटतो.

गादी चार वर्षांची होती तेव्हा या लोकांनी ताबा घेतला. मुलांच्या खेळण्यात ती एका बाजूने फाटली, हे त्यांनी कबूल केले. तेव्हा मोडतोड झाली हे खरे. नवी गादी ३,५०० रुपयांना. गादीचे आयुष्य आठ वर्षे, म्हणजे शहाण्णव महिने धरले, तर एक्याऐंशी महिने उलटले होते आणि पंधरा उरले होते. ३,५०० चे शहाण्णव भाग केले आणि त्यातले पंधरा घेतले तर ५४७ रुपये होतात. तेवढे द्यावेत.

खिळ्यांच्या भोकांवर मात्र आमच्या बैठकीत बराच वाद झाला. भिंतीत आठ खिळे होते : तथागतांचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, दिनदर्शिका, घड्याळ, आरसा, मुलांची दप्तरे. माणूस जेथे राहतो तेथे तो चार खिळे ठोकणारच. त्याशिवाय राहणे कसले? बारीक खिळ्याची भोके पुट्टीच्या एका बोटाने बुजतात. पण स्वयंपाकघरात लोखंडी फळी बसविण्यासाठी ड्रिल मारून चार रावल प्लग घातले होते आणि जाताना फळी काढली तेव्हा प्लास्टर निघाले. ते बुजवून द्यायला हवे होते. त्याचे तीनशे रुपये मी धरले. ज्यांना फळी, पंखा, पडद्याचा दांडा स्वतःच्या खर्चाने बसवायचा आहे त्यांनी बसविण्यापूर्वीच मालकाला दोन ओळींचा निरोप पाठवावा आणि जाताना वस्तू काढून न्यावी, भोक बुजवावे. आपण लावलेली वस्तू आपली असते. मात्र जागा पूर्वी होती तशी करून द्यावी लागते.

नळाचे सहाशे आणि काचेचे सातशे मी जसेच्या तसे मान्य केले. नळाचा वायसर जाणे, नळ गळणे ही रोजच्या वापरातील किरकोळ दुरुस्ती. ती वेळेवर केली असती तर वीस-तीस रुपयांत भागले असते. काच तर मुलाच्या चेंडूनेच फुटली. काच झिजत नाही, ती फुटते. साफसफाईचे दीड हजार जास्त होते, पण माळ्यावर तुटकी बादली, जुनी गोणपाटे टाकून येणे हेही बरोबर नव्हते. तेथे पाचशे धरले.

१२५ अधिक ५४७ अधिक ३०० अधिक ६०० अधिक ७०० अधिक ५००. एकूण २,७७२ रुपये. घरमालकाने कापलेले २१,०००.

असा हिशेब मांडून आम्ही त्यांना साध्या भाषेत एक पत्र लिहून दिले. धमकी नाही, शिवीगाळ नाही. प्रत्येक बाबीपुढे वस्तूचे वय, आमचा आकडा आणि कारण. दोन फेऱ्या झाल्या. गृहस्थ आधी खवळले, मग "बिले दाखवा" म्हटल्यावर मवाळ झाले, कारण रंगारी अजून आलाच नव्हता. शेवटी १४,००० रुपये त्यांनी परत केले. उरलेल्या चार हजार दोनशे अठ्ठावीस रुपयांसाठी भांडत राहण्याची त्या भगिनीची तयारी नव्हती. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची तारीख तोंडावर आली होती. मी त्यांना आग्रह केला नाही.

आपली माणसे भांडत का नाहीत, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडत नाही. खोली पाहायला गेल्यावर प्रथम आडनाव विचारले जाते, मग "मटण-मासे खाता का" असे विचारले जाते, आणि मग "खोली कालच गेली" असे सांगितले जाते, हा अनुभव ज्याने दहा दारांत घेतला आहे तो अकराव्या दारातून मिळालेल्या खोलीच्या मालकाशी वीस हजारांसाठी वाकडे घेत नाही. त्याला वाटते, याने पुढच्या मालकाला फोन केला तर? एजंट तर तोच आहे. घरमालकांना ही भीती चांगली ठाऊक असते. चिठ्ठीतला रंगकामाचा आकडा रंगाऱ्याला विचारून ठरत नाही, तो भाडेकरू किती गप्प बसेल यावर ठरतो, असे माझे इतक्या वर्षांचे निरीक्षण आहे.

घरमालकाला झिजेचा खर्च सोसावा लागतो हे खरे, पण त्याची सोयही झालेली असते. घरभाड्याच्या उत्पन्नावर कर भरणाऱ्याला, पालिकेचा कर वजा जाता जे भाडे उरते, त्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. ही वजावट दुरुस्ती वगैरे खर्चासाठी आहे आणि प्रत्यक्षात एक पैसा खर्च केला नाही तरी ती मिळते. आपल्या उदाहरणातील २,९७,००० रुपयांच्या भाड्यावर, पालिकेचा कर बाजूला ठेवला तर, ही वजावट ८९,१०० रुपये होते. शिवाय साठ हजारांचे डिपॉझिट पावणेतीन वर्षे त्याच्याकडे होते. सहा टक्क्यांनी साधे व्याज धरले तरी ९,९०० रुपये होतात, आणि ते आपल्याला कुणी देत नाही. हे सर्व घेऊन झाल्यावर गीझरचे पैसे मागितले जातात.

येथे आपल्यातल्याच काही जणांना दोन शब्द सांगणे भाग आहे. पालिकेतून, रेल्वेतून, बँकेतून निवृत्त झालेल्या आपल्या बऱ्याच बांधवांनी फंडाच्या पैशातून दुसरी खोली घेतली आहे आणि ती भाड्याने दिली आहे. त्याचा आनंदच आहे. पण मागील वर्षभरात माझ्याकडे आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये दोन चिठ्ठ्या अशा बांधवांच्या हातच्या होत्या, आणि त्यातही "नवी गादी" आणि "संपूर्ण रंग" होतेच. ज्या चिठ्ठीने आपण एकेकाळी पोळलो तीच आपण दुसऱ्याच्या हातात द्यावी काय? घरमालक झालेल्यांनी दर चार-पाच वर्षांनी रंगासाठी आणि वस्तूंसाठी भाड्यातूनच काही रक्कम बाजूला टाकावी. धंद्यातले लोक तसेच करतात.

२०२१ साली केंद्र सरकारने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठविला. त्यात राहत्या घराच्या डिपॉझिटवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे, आणि कोणती दुरुस्ती कोणाकडे याची यादीच दिली आहे. भिंतींना चुना-रंग देणे, दारे-खिडक्यांना रंग देणे, पाण्याचे पाइप बदलणे, विजेची वायरिंग, इमारतीची मूळ दुरुस्ती हे घरमालकाकडे. नळ, वायसर, स्विच, गीझरची दुरुस्ती, दाराच्या कड्या-कुलपे, खिडकीच्या काचा, गटार साफ करणे हे भाडेकरूकडे. यादी दोन्ही बाजूंना समान न्याय देणारी आहे असे मला वाटते. पण हा नुसता नमुना आहे. राज्याने आपल्या विधिमंडळात तसा कायदा केल्यावाचून तो लागू होत नाही, आणि महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानेच कारभार चालतो. तरीही वादाच्या वेळी ही यादी समोर ठेवायला हरकत नाही. रंगकाम कोणाचे, हे सरकारच्या कागदावरच छापलेले दाखविले की आवाज खाली येतो.

१९९९ च्या कायद्यातील दोन गोष्टी मात्र प्रत्येकाने पाठ करून ठेवाव्यात. एक, कलम ५५. करार लिव्ह अँड लायसन्सचा असो की भाड्याचा, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात चालत नाही. नोंदणी नसेल तर व्यवहाराच्या अटींबाबत राहणारा जे सांगेल तेच खरे धरले जाते, जोवर घरमालक उलट सिद्ध करीत नाही. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. साध्या स्टँप पेपरवर डिपॉझिट घेणाऱ्या मालकापुढे हे कलम नम्रपणे उच्चारून पाहावे.

दुसरे कलम १४. हे जुन्या चाळींतील, पागडीच्या भाडेकरूंसाठी. भाडेकरूने वेगळा करार करून दिलेला नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. तो करीत नसेल तर किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. तरीही केले नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. महिना सहाशे रुपये भाडे असेल तर वर्षाचे ७,२०० आणि वळते करता येतील ते १,८००. आजच्या गवंड्याच्या मजुरीत ते कितीसे पुरणार, हा प्रश्न आहेच. तरी नोटीस दिल्याचा कागद पुढे उपयोगी पडतो.

आता खोली घेताना काय करावे. वर सांगितलेल्या भगिनींकडे नोंदणीकृत करार होता. पण खोलीतल्या वस्तूंची यादी नव्हती. गादी चार वर्षांची होती हे घरमालकाने नाकारले असते तर आमच्याकडे पुरावा शून्य होता. तेव्हा ताबा घेण्याच्या दिवशी, सामान आत नेण्यापूर्वी, घरातील बाईमाणसाने खोलीभर फिरून यादी करावी. बाईमाणसाने असे मुद्दाम म्हणतो. पुरुष पंखा फिरतो का पाहतो आणि बाहेर येतो, मोरीच्या दाराचे कुजलेले लाकूड आणि ओट्याची उडालेली कड बाईलाच दिसते. प्रत्येक वस्तूपुढे ती अंदाजे किती जुनी आणि आज तिची स्थिती काय ते लिहावे : "गीझर, सुमारे चार वर्षे, चालू", "कपाट, डाव्या दाराचे कुलूप लागत नाही", "हॉलच्या छताला ओल". शक्य तर ही यादी करारालाच जोडून घ्यावी. नाही तर दोन प्रती करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मोबाइलवर प्रत्येक भिंतीचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवावेत. तारीख आपोआप पडते आणि नंतर "असे नव्हते" म्हणायला जागा राहत नाही. डिपॉझिट शक्यतो चेकने किंवा बँकेतून द्यावे. रोख दिले तर आकड्यासह पावती घ्यावी.

राहत असताना गळती दिसली, वायरला वास आला, भिंतीला ओल धरली, तर त्याच दिवशी निरोप पाठवावा. मोघम फोन नको, लेखी निरोप हवा. सांगूनही मालकाने केले नाही तर पुढचे नुकसान त्याचे. न सांगता आपण गप्प बसलो तर तो आपल्यावर ढकलणार, आणि त्या वेळी त्याचे म्हणणे अगदीच चूक असणार नाही.

सोडताना खोली झाडून-पुसून, माळा रिकामा करून, खिळ्यांची भोके बुजवून द्यावी. निघण्याच्या आठ दिवस आधी मालकाला बोलावून जुनी यादी समोर ठेवून खोली दाखवावी आणि जी मोडतोड आपली असेल ती आपल्या कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावी. आपला कारागीर मालकाच्या चिठ्ठीपेक्षा नेहमी स्वस्त पडतो. किल्ली देताना ताबा परत दिल्याची पावती घ्यावी आणि डिपॉझिट त्याच वेळी मागावे. "महिन्याभराने येऊन घेऊन जा" असे म्हटले तर रक्कम आणि तारीख लिहून घ्यावी. कपात केलीच तर बाबवार हिशेब आणि बिले मागावीत.

बोलून, पत्र लिहून जमले नाही तर कोर्टाच्या नावाने घाबरू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांनाही केंद्राने अनुसूचित जातींचा दर्जा दिलेला आहे, तेव्हा जातीचा दाखला सोबत न्यावा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. खटला न भरताच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येते. तेथे तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील होत नाही. आठ-दहा हजारांच्या वादाला हा मार्ग मला सर्वात सोयीचा वाटतो.

येणे असलेले पैसे वसूल करायला कायद्याने साधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. तेव्हा जुन्या चिठ्ठ्या फाडून टाकू नका. ज्यांच्याकडे तीन वर्षांच्या आतील अशी चिठ्ठी असेल त्यांनी ती रविवारी दहा ते एकच्या दरम्यान आपल्या जवळच्या विहारातील जाणत्या कार्यकर्त्याला दाखवावी. सोबत करारनाम्याची प्रत, डिपॉझिट दिल्याचा पुरावा आणि खोलीचे फोटो असतील तर तेही न्यावेत. फोटो नसले तरी जावे. गीझर किती जुना होता ते शेजाऱ्यांना बहुधा आठवत असते.